अठरा निशाण्या आणि एक फणस

वरंधच्या घाटमाथ्यावर मोटार थांबली, कारण पुढे जायची तिची तयारी नव्हती. पुढच्या तोंडातून वाफ निघत होती. मोटारवाल्याने झाकण उघडले, कमरेवर हात ठेवून दरीकडे पाहिले आणि म्हणाला, "उतरा मंडळी. देखावा फुकट आहे." भोरहून आम्ही अकरा उतारू निघालो होतो; शिवाय एका म्हाताऱ्याची बकरी. सगळे खाली उतरलो. बकरी सर्वांत आधी उतरली.

देखावा खरोखर पाहण्यासारखा होता. फाल्गुन लागलेला. काटेसावरीची झाडे पानांवाचून नुसत्या लाल फुलांनी भरली होती. डोंगरांच्या रांगा एकीमागे एक अशा मी सात मोजल्या. आठवी ढग की डोंगर हे ठरेना, म्हणून ती धरली नाही. वायव्येकडे रायगडाचा सपाट माथा दिसला तेव्हा म्हाताऱ्याने बकरीची दोरी बगलेत धरून हात जोडले. मीही जोडले.

अर्ध्या तासाने मोटार निवली. घाट उतरताना मी वळणे मोजत होतो. मोटारवाल्याला ते आरशात दिसले असावे. "साहेब," तो म्हणाला, "वळणं मोजायची नसतात, घ्यायची असतात." त्याला उत्तर देण्याच्या नादात माझा आकडा चुकला, तो चुकलाच.

मी निघालो होतो पोलादपूरला. माझा मामेभाऊ विष्णू तिकडच्या एका खेड्यात शाळामास्तर आहे. शिमग्याला ये, पालखी बघ, असे तो दोन वर्षे लिहीत होता. सरकारी दप्तरातले जुने मोडी कागद वाचून त्यांची नोंद करणे हे माझे काम. बावीस वर्षे तेच करतो. निघताना घरातून एकच सूचना झाली होती, की निदान तिथे तरी कागद वाचत बसू नका.

महाडला उतरलो तो उकाड्यात. बाजारात तांदळाच्या पोत्यांच्या थप्प्या, नदीकडून येणारा खारा वारा. खाणावळीत तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि कोकमाची कढी मिळाली. भाकरी इतकी पातळ व पांढरी की मी ती उजेडाला धरून पाहिली. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "भोक शोधताय की काय? नाय मिळायचं." मी तीन खाल्ल्या.

संध्याकाळी चवदार तळ्याला एक फेरी घातली. या पाण्यावर हक्क कोणाचा, याचा दावा तेव्हा कोर्टात चालू होता, आणि का चालू होता ते वाचकांना ठाऊक आहे. पायऱ्यांवर बसलेल्या एका गृहस्थांना मी विचारले, "तळे कोणाचे?" ते म्हणाले, "गावाचे." "आणि गाव म्हणजे कोण?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले, धोतर झटकले आणि उठून गेले. प्रश्न मी सहज विचारला होता. पुढचे चार दिवस तो माझ्या मागे लागणार आहे, हे तेव्हा कळले नाही.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या मोटारीत जागा नव्हती. मी दाराशी ट्रंक घेऊन उभा राहिलो तोच आतून आवाज आला, "ओ पावनं, या इकडं. आमी जरा बारीक होतो." बोलणारा पस्तिशीचा, दणकट, डोक्याला गुलाबी फेटा. त्याने खरोखर चार माणसांना सरकवले, माझी ट्रंक स्वतःच्या मांडीवर घेतली आणि अकरा मैल तशीच ठेवली. हा बाळाराम. मुंबईच्या गिरणीत मुकादम होता. आता लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभा होता. मोटारीतल्या प्रत्येकाला तो नावाने ओळखत होता. एका बाईला विचारले, "वयनी, गुडघा कसा हाय?" ती म्हणाली, "तुला मत नाय माजं, गुडघ्याला कशाला हात घालतोस?" मोटारभर हशा झाला आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. मला तो फार आवडला. हे आधीच सांगून ठेवतो.

पोलादपूरला त्या दिवशी बाजार होता. विष्णू मला घ्यायला आला होता, पण बाळाराम एका बैलगाडीवर चढून बोलू लागला आणि आम्ही दोघे थांबलो. मत देण्याचा हक्क असलेले तिथे थोडेच असतील; ऐकायला मात्र सारा बाजार लोटला.

"मी उमेदवार नाय," तो म्हणाला. "उमेदवार त्ये. वकील, टोपीवाले, कागदवाले. मी म्हंजे तुमीच. मी बोलतो त्ये तुमी बोलता. महाराज गडावर होते तवा मधी कोन होता? राजा आनि रयत. मधी कोन नाय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. राजा आणि रयत यांच्यामध्ये देशमुख, देशपांडे, मजुमदार, हवालदार असे कितीतरी होते आणि त्यांच्याच कागदांवर माझा संसार चालतो, हे मला टाळी वाजवून झाल्यावर आठवले. आवाजच तसा होता. दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या माणसाला आपण कोणीतरी आहोत असे वाटावे, असा.

मग तो म्हणाला, "खरा गाव कुठला? जो आज इथं हाय त्यो. जो माज्या सभेला येत नाय त्यो गावाचा नाय, उपरा हाय." पुन्हा टाळ्या. या वेळी माझे हात वर आले होते, पण विष्णू माझ्याकडे पाहत होता. मी ते खाली घेतले.

गावाकडे जाताना त्याने मला सारे सांगितले. गाव उमरठच्या वाटेवर, पोलादपूरपासून दोन कोस; नाव मुद्दाम देत नाही. पाच वाड्या. चार नदीच्या अलीकडे, पाचवी कुंभारवाडी पलीकडे. होळीनंतर तिसऱ्या दिवशी ग्रामदेवी काळकाईची पालखी नदी ओलांडून कुंभारवाडीत जाते. यंदा बाळारामचे म्हणणे असे की पालखी त्या दिवशी वाजतगाजत पोलादपूरला न्यावी, त्याच्या सभेत. कुंभारवाडीचा फेरा रद्द.

"कुंभारांनी काय केले?" मी विचारले.

"सभेला गेले नाहीत. माघातली सभा होती. त्या दिवशी त्यांचा आवा पेटलेला." आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. "पेटलेला आवा सोडून जायचे कसे, अण्णा? सगळी मडकी तडकतात. पण सभेतून बातमी अशी आली की कुंभार समोरच्या उमेदवाराचे, वकिलाचे आहेत."

"मग गावकीने ठरवावे." गावकी म्हणजे गावाची बैठक.

"तिथेच अडले आहे. पाचही वाड्यांच्या मानकऱ्यांनी दांडीला हात लावल्याशिवाय पालखी उठत नाही. चौघांतले तिघे बाळारामकडे. कुंभारांना यंदा विचारायचेच नाही, असे म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुंभारवाडीत गेलो. नदीला गुडघाभर पाणी, दगडांवर शेवाळे. मध्यावर माझी उजवी वहाण निसटली आणि मी उभा राहून पाहीपर्यंत सहा-सात हात पुढे गेली. विष्णूने ती धोतराचा कासोटा मारून पकडली.

धोंडू कुंभाराचे घर नवे होते. भिंती गेरूने लिंपलेल्या, दारावर पांढऱ्या रांगोळीची बोटे, छपराचा पेंढा अजून पिवळा. पण चूल बाहेर, आंब्याखाली तीन दगडांची. धोंडूची बायको पार्वती तिथे बसून घावणे घालत होती. नव्या घरात पालखी आल्याशिवाय चूल पेटवायची नाही, असा तिकडचा रिवाज. पालखी येईल म्हणून त्यांनी घर होळीपूर्वी पुरे केले, जुने मोडले, आणि सव्वा महिना झाला, दोघे बाहेर रांधत होते.

"नाय आली तर?" मी विचारले.

"मंग पुढल्या शिमग्याला," धोंडू म्हणाला. तो चाकाजवळ बसला होता आणि वर पाहत नव्हता.

"आनि पाऊस त्यांच्या शब्दाखातर थांबंल," पार्वती म्हणाली. "पेटवा म्हनते मी चूल. हे नाय म्हनतात."

"गावातून उठायचं हाय का आपल्याला?"

"उठवलंच हाय की."

धोंडूने चाक थांबवले. ओला माठ चाकावरच कलला, त्याने तो मोडून मातीचा गोळा केला आणि पुन्हा मधोमध बसवला. तो एवढेच म्हणाला, "माज्या बापाच्या दारात देवी नाचली, आज्याच्या दारात नाचली. मलाच काय झालं?"

पार्वतीने आम्हाला घावणे आणि गुळाचा रस दिला. मी पाच घावणे खाल्ले, विष्णूने चार.

त्याच दिवशी देवळाच्या आवारात गावकी बसली. गावात सर्वांत वडील गणूबाबा. ते मधोमध, बाकीचे वाडीवाडीने. बायका ओट्याच्या कडेला. कुंभारवाडीचे लोक बोलावणे नसताना आले आणि मागे उभे राहिले. बाळाराम बोलायला उठला तो हसतच.

"मी कशाला बोलू?" तो म्हणाला. "कागद बोलंल. देवीच्या नळीत महाराजांच्या काळचा कागद हाय. त्यात पयलं नाव कुनाचं, समद्यांना म्हाईत हाय. माज्या पूर्वजाचं. पयल्या नावाचा शब्द त्यो गावाचा शब्द."

"तुज्या कशावरून?" कोणीतरी म्हणाले. "आमच्या घरात सांगतात, आमचं हाय."

"आमचं हाय," तिसरा म्हणाला.

गणूबाबांनी हात वर केला. "भांडू नका रे. आजवर वाचला कुनी? मोडी येनारा पावना आयता आलाय. वाचू दे त्याला."

बाळारामने आनंदाने मान डोलावली. त्याच्या मनात शंका नव्हती, हे मी खात्रीने सांगतो. गुरवाने देव्हाऱ्यातून बांबूची नळी आणली. दर शिमग्याला हा कागद बाहेर काढून त्याची पूजा करतात. मी हात धुतले, कागद उलगडला, आणि माझ्या बावीस वर्षांत जे पाहिले नव्हते ते पाहिले. कागदाची वरची चार बोटे म्हणजे गंधाचा आणि कुंकवाचा एक जाड, तडे गेलेला लगदा होता. वर मोठ्या अक्षरात आहे ते महत्त्वाचे, असे समजून पिढ्यानपिढ्या लोकांनी नेमके तिथेच गंध लावले होते. पहिले नाव त्याखाली पूजेने गाडले गेले होते.

"वाचा पावनं," बाळाराम म्हणाला.

"पहिले नाव वाचता येत नाही."

"अंदाजानं?"

"अंदाजाने मी वाचत नाही."

गर्दीत कुजबुज झाली. तो माझ्याजवळ आला आणि हळू म्हणाला, "दोन अक्षरं तर दिसतात. 'बा' हाय बगा त्यो." मी पुन्हा पाहिले. ती एक रेघ होती. 'बा' असेल, 'रा' असेल, कुंकवाची भेगही असेल. सगळे आवार माझ्याकडे पाहत होते, आणि ज्या माणसाने अकरा मैल माझी ट्रंक मांडीवर धरली त्याला नाही म्हणणे मला जड गेले. पण नाही ते नाही.

खालचा मजकूर मात्र स्वच्छ होता. मी तो आधी मनात वाचला, आणि मला हसू आवरेना. महाराजांचा त्यात उल्लेख नव्हता. लढाई नव्हती, इनाम नव्हते. देवळापुढे एक फणस होता. तो कोणाचा, यावरून गावात तंटा झाला होता. गाव जमला, दोन्ही बाजू ऐकल्या आणि ठरले, की फणस कोणा एकाचा नाही; फळ उतरेल ते समस्त गावाने वाटून खावे.

मी हे सगळे मोठ्याने सांगितले. मग ओट्यावरून एक बाई म्हणाली, "म्हंजे आमी इतकी वर्षं फणसाला गंध लावतोय?" आणि आवार फुटले. गुरवसुद्धा खांबाला टेकून हसत होता. तो फणस कुठे होता यावर ताबडतोब तीन मते पडली आणि तीन माणसांनी तीन दिशांना बोटे केली.

"खाली चित्रं कसली हायत?" गणूबाबांनी विचारले. त्यांची दृष्टी अधू होती, पण खाली काही आहे हे त्यांना दिसले.

मी म्हटले, "त्या निशाण्या. लिहिता न येणारा आपल्या कामाची निशाणी करी." आणि कागद ओट्याच्या कडेला धरला. आता माझी गरज उरली नव्हती. मोडी कोणाला येत नव्हते, पण ही लिपी सगळ्यांना येत होती. "नांगर!" "ह्यो हातोडा." "आरसा, म्हंजे न्हावी." मी एकूण अठरा मोजल्या: नांगर अकरा, आणि लेखणी, हातोडा, पटाशी, आरसा, घंटा, थापटणे, काठी एकेक.

"थापटनं," पार्वती बायकांतून म्हणाली. मडके ठोकून घडवायचे लाकडी थापटणे. ती उठून पुढे आली, वाकून पाहिले, आणि मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "या हो इकडं. तुमी हाय यात."

धोंडू आला नाही. तो उभा होता तिथेच खाली बसला.

बाळाराम हुशार माणूस. तो म्हणाला, "पावनं, खरं सांगा. कुंभाराचं चित्र मागनं कुनी काढलं नसंल कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मी सांगितले, की असे खोटे कागद मी पाहिले आहेत. एका खोट्या कागदावर वीस नांगर होते आणि वीसही अगदी सारखे. म्हणजे एकाच माणसाने बसून साऱ्या गावाच्या वतीने काढलेले. इथे तसे नाही. इथे एकही नांगर दुसऱ्यासारखा नाही, आणि थापटण्याला जागा सोडून ओळ पुढे गेली आहे. कागद खरा आहे.

"पन त्यो कुंभार ह्याच धोंडूचा पूर्वज, आसं लिवलंय?"

"नाही," मी म्हणालो. "तसे लिहिलेले नाही."

"बघा!" बाळाराम लोकांकडे वळला. "कागदातला कुंभार येगळा, ह्यो येगळा."

तेव्हा गणूबाबा हळूच म्हणाले, "बाळ्या, अकरा नांगर हायत. त्यातला तुजा कुठला रे?"

बाळाराम थांबला. वाकून पाहिले. एक नांगर रेखीव होता, इसाड म्हणजे लांब दांडा सरळ, फाळ टोकदार. त्याने त्यावर बोट ठेवले. लगेच दुसरा म्हणाला, "त्यो आमचा!" तिसऱ्यानेही त्याच नांगरावर हक्क सांगितला. दोन मिनिटांत अकरा घरे एकाच देखण्या नांगरासाठी भांडू लागली. शेवटच्या ओळीत एक नांगर इतका वाकडा होता की तो उलटा विंचू वाटावा. त्याकडे कोणी पाहत नव्हते.

"वाकडा माजा," गणूबाबा म्हणाले. "माज्या घरात सरळ रेघ कुनाला आली नाय कवा."

या हशानंतर भांडण चालणे शक्यच नव्हते. त्यात पार्वती बोलली, आणि ती हसत नव्हती. "सभेला आमी आलो नाय, कारन आवा पेटला व्हता. आवा सोडला आसता तर चैतात तुमी पानी कशात भरलं आसतं? बाळारामदादा, तुज्या घरचा माठ कुनाचा?"

"तुमचाच, वयनी."

"थंड ऱ्हातो का?"

"ऱ्हातो."

"मंग उपरा म्हनू नको."

मला वाटले ती बसेल. तिने कागदाकडे बोट केले आणि मला विचारले, "थापटनं ह्यांचं. माती मी मळते. मातीची निशानी नाय का यात कुठं?" मी कागद पुन्हा एकदा पाहिला, कारण तिने विचारले होते. नव्हती. मी तसे सांगितले.

आणि काठीची निशाणी. ती वेसकराची, म्हणजे गावच्या वेशीवर राखण करणाऱ्या महारांची. त्या दिवशी ते लोक आवाराबाहेर चिंचेखाली उभे होते, रोजच्यासारखे. मी कागद घेऊन बाहेर गेलो आणि त्यांना ती काठी दाखवली. त्यांच्यातला एक बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "तवा फणसाचा वाटा आमालाही व्हता." मी हो म्हटले. मी आत आलो तेव्हा कोणी हसत नव्हते, आणि त्यावर कोणी काही बोललेही नाही. घडले तेवढे लिहितो. जे घडले नाही ते लिहीत नाही.

गणूबाबांनी मग रिवाजाप्रमाणे एकेका वाडीला विचारले. पहिली हो म्हणाली. दुसरी हो म्हणाली. तिसरीने बाळारामकडे पाहिले आणि मग हो म्हणाली. चौथी वाडी बाळारामची, मानकरी तोच.  कपाळावरचा घाम त्याने फेट्याच्या शेवाने पुसला. "पोलादपूरला मी बॅंड सांगितलाय," तो म्हणाला.

"बॅंड हिकडं आन," गणूबाबा म्हणाले. "देवीला बॅंडचं वावडं नाय."

तो हसला. "चला," म्हणाला. पाचवे विचारणे कुंभारवाडीला होते. धोंडू पुढे आला. त्याने नुसता हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पालखी उठली. पाच हात दांडीला लागलेले मी स्वतः मोजले. ढोल, सनई, आणि पोलादपूरहून आलेला तीन माणसांचा बॅंड, ज्यांना एकच चाल येत होती आणि तीही लग्नातली. नदीत पालखी नाचवायची प्रथा. मधल्या पाण्यात वाहकांनी ती डोक्यावर घेऊन गरगर फिरवली, पाणी उडाले, आणि मी काठावर सुरक्षित उभा असताना दोन बायकांनी मला धरून आत ओढले. "पावन्यानं वाचलं, आता भिजू दे." माझी खिशातली वही भिजली. घाटातल्या वळणांचा आकडा तीत होता. तसाही तो चुकलेला होता.

पालखी धोंडूच्या दारात आली तेव्हा पुढच्या उजव्या खांद्याला बाळाराम होता. गुलाबी फेट्याचा रंग ओघळून गालावर आला होता. देवी अंगणात नाचली, उंबऱ्याला टेकली. पार्वती आत गेली. बाहेर सगळे थांबले, सनईवालाही. थोड्या वेळाने नव्या पेंढ्यातून धूर झिरपू लागला आणि सगळ्या गावाने एकदम ओरडा केला. धोंडू धुराकडे पाहत राहिला. मग जो कोणी समोर आला त्याला तो माठ देत सुटला, तेव्हा पार्वती दारात येऊन म्हणाली, "विकायला ठेवा काय तरी." त्या चुलीवरचा पहिला भात पालखीबरोबर आलेल्या सगळ्यांना घासघास मिळाला. मीही जेवलो. भाताला धुराचा वास होता, आणि तसा भात मी पुन्हा खाल्लेला नाही.

परतीच्या दिवशी पोलादपूरच्या मोटारीजवळ बाळाराम भेटला. त्याने पुन्हा माझी ट्रंक उचलली.

"पावनं, माजी चार मतं खाल्लीत तुमी."

"त्या गावात मते तीनच आहेत. विष्णूने सांगितले."

तो हसला, मग गंभीर झाला. "एक इचारू? गाडीवर चढून बोलतो तवा लोक टाळ्या देतात. पन परवा पालखीखाली होतो तवा जो आवाज निघाला, तसा माज्या सभेत कवा निघाला नाय. का वो?"

मी विचार करून म्हणालो, "सभेत तुम्ही सगळ्यांच्या वतीने बोलता. तिथे तुम्ही चार वाहकांतले एक होता."

त्याने ट्रंक आत सरकवली. मोटार सुटेपर्यंत दाराशी उभा राहिला आणि आत कोणाचा गुडघा कसा आहे ते विचारत होता.

घाट चढताना मी या वेळी काही मोजले नाही. विचार करत बसलो. जुन्या काळी गावे शहाणी होती असे मला म्हणायचे नाही. खोटे कागद त्याच काळातले, आणि चिंचेखाली उभे करणेही त्याच काळातून आलेले. पण जुन्या कागदांची एक रीत मला बावीस वर्षे डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. 'समस्त गाव' हे शब्द आले की त्याखाली निशाण्या येतात. वाकड्या, तिरप्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या. 'समस्त' एवढेच लिहून खाली कोणी मोकळी जागा सोडलेली मी पाहिली नाही. सोडली असेल, तर तो कागद दप्तरात फार दिवस टिकला नसावा. लोकांच्या नावाने बोलणारा माणूस नवा नाही, तो वाईट असतोच असेही नाही. तो गोड असतो, ट्रंक उचलतो. त्याच्या बोलण्याखाली निशाण्या किती आणि कोणाची राहिली, एवढे पाहायचे असते. इतिहास मला याहून अधिक काही शिकवत असेल तर ते मला अजून वाचता आलेले नाही.

पुढे विष्णूचे पत्र आले. बाळाराम निवडून आला. माझ्या घरी याचे वाईट वाटले, मला तितके वाटले नाही. पत्रात असेही होते की बोर्डाच्या पहिल्या सभेआधी तो पाचही वाड्यांत जाऊन बसला, कुंभारवाडीत दोनदा. दुसऱ्यांदा आवा पेटलेला होता, म्हणून बोलणे आव्याजवळच झाले. चिंचेखालच्या लोकांकडे गेला का, हे मी उलट टपाली विचारले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

इथे आमच्या आळीच्या सभेत कोणी "लोकांचे असे म्हणणे आहे" असे सुरू केले, की मी उठून विचारतो, "कोणाकोणाचे?" आणि नावे उतरून घेतो. पहिल्या खेपेला हसले. आता काही जण बोलण्याआधी शेजारच्या घरी विचारून येतात. गेल्या सभेत एकाने माझ्याकडे पाहत सात नावे सांगितली आणि आठवे सांगताना अडखळला. "ती बाई कोपऱ्यावरच्या घरातली," तो म्हणाला, "तिला विचारायचे राहिले." सभा तिथेच थांबवून आम्ही दोघे तिच्याकडे गेलो.